लाल मिनिटकाटा

इजिप्तच्या सफागा बंदरात ज्याच्या मनगटावर पाणबुड्याचं घड्याळ असतं, त्यानं ते कधी ना कधी उस्ता, म्हणजे कारागीर, बिशायच्या टेबलावर उघडं पडलेलं पाहिलेलं असतं. महागडी घड्याळं इथं कुणाकडे नाहीत. जपानी, बेताच्या किमतीतली, हात हलला की आपोआप चावी बसणारी अशी ती घड्याळं. बोटीवरची माणसं ती घेतात, वर्षभर निमूट वापरतात आणि मग त्यांच्या हाताला खाज सुटते. कुणाला काच बदलायची असते, कुणाला निळी तबकडी हवी असते, कुणाला बाहेरच्या फिरत्या कडीवर सोनेरी आकडे. बिशाय चीनहून सुटे भाग मागवतो, डोळ्याला भिंग लावतो आणि पंधरा दिवसांनी त्या माणसाला असं घड्याळ देतो, की तसं अख्ख्या तांबड्या समुद्रावर दुसऱ्या कुणाकडे नाही. निदान त्या माणसाला तरी तसं वाटतं, आणि धंद्याला तेवढं पुरतं.

बिशायची एक पद्धत होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. उघडलेलं घड्याळ परत बंद केलं की तो ते जाळीच्या पिशवीत घालायचा, सोबत दोन दगड टाकायचा आणि पिशवीला तीस मीटरचा दोर बांधायचा. कुठल्या तरी बोटीबरोबर ती पिशवी बाहेर जायची, तासभर तळाशी राहायची आणि संध्याकाळी परत यायची. काच आतून कोरडी आणि काटे वेळेवर असले तरच घड्याळ मालकाला मिळायचं. "तुझ्याआधी माझं घड्याळ समुद्र बघून येतं," असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा. स्वतः त्यानं मात्र समुद्राला गुडघ्याच्या वर कधी येऊ दिलं नव्हतं. तो मूळचा नाईलकाठच्या नाग हम्मादीचा, म्हणजे वरच्या इजिप्तमधला सईदी. बावीस वर्षं किनाऱ्यावर काढूनही तो पाण्याकडे भांडखोर शेजाऱ्याकडे बघावं तसा बघायचा.

आणि नेमकी त्याचीच मुलगी पाण्यात रमली. इरिनी सव्वीस वर्षांची. परदेशी पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला खाली नेणारी वाटाडी म्हणून रईस, म्हणजे तांडेल, मुंतसिरच्या बोटीवर लागलेली, त्या बोटीवरची पहिलीच मुलगी. ती लागली तेव्हा बिशायनं तीन आठवडे दुसरं काम हातात घेतलं नाही. तिच्यासाठी त्यानं एक घड्याळ केलं. काळीभोर तबकडी, न चरे पडणारी काच आणि मिनिटकाटा लालभडक. कारखान्यातून आलेल्या काट्यावर अंधारात चमकणारा पांढुरका लेप असतो. तो त्यानं खरवडून काढला आणि काटा बुडापासून टोकापर्यंत रंगवला, तीन हात देऊन. काळ्यावर लाल असा उठून दिसे की टेबलाच्या पलीकडून वेळ वाचता यावी. दोरानं ते घड्याळ पाच वेळा तळाशी जाऊन आलं. मग एका रविवारी चर्चच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, त्यानं ते पोरीच्या मनगटावर चढवलं. इरिनीनं ते बराच वेळ पाहिलं आणि बापाच्या गालाचा मुका घेतला. बिशायच्या आयुष्यातला तो फार मोठा दिवस होता आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

चार महिन्यांनी, फेब्रुवारीत, ते प्रकरण झालं.

इरिनी चार पाहुण्यांना घेऊन खाली गेली होती. चौघंही नवशिकी, भिस्त सगळी तिच्यावर. खाली किती वेळ झाला हे सांगणारा एक छोटा कॉम्प्युटर वाटाड्यांच्या मनगटावर असतो. तिचा मध्येच बंद पडला. दुसऱ्या मनगटावर घड्याळ होतं. ठरल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं उशिरा तिनं माणसं वर आणली. दोघांच्या टाकीत हवा जवळजवळ उरली नव्हती, आणि एक बाई बोटीवर चढली ती थरथरत, नाकातून रक्त येत. संध्याकाळपर्यंत सगळी ठीक झाली. पण रईस मुंतसिरनं त्याच दिवशी इरिनीला किनाऱ्यावर उतरवलं.

"कॉम्प्युटर बंद पडला, तो तुझा दोष नाही," रईस म्हणाला होता. "पण हातात घड्याळ होतं ना? त्याचं काय?"

"बघायला विसरले," इरिनी म्हणाली होती.

एवढंच. ना सारवासारव, ना रडारड. घरी येऊन तिनं आईला, दिमयानाला, वांगी चिरून द्यायला घेतली आणि बापाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

"विसरलीस?" तिसऱ्या दिवशी बिशायनं विचारलं.

"हो."

"हातातलं घड्याळ?"

"हो बाबा. माणूस विसरतं कधीतरी."

"माणूस विसरतं. तू नाही विसरत. शेजारणीनं नेलेली चाळण तू तीन वर्षांनी तिच्या दारात उभी राहून परत आणलीस."

"तिला विचारू नका हो," दिमयाना म्हणाली. "आधीच पोरगी दोन दिवस जेवली नाही. उपास चालू आहे म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच."

पण बिशायच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. पोरीची नोकरी गेली हे वाईट होतंच. सफाग्यात बोटी पन्नास असतील, पण पाहुण्यांची वेळ विसरणाऱ्या मुलीला घेणारी एकही नाही. त्याहून त्याला झोंबलं ते वेगळंच. त्याची इरिनी निष्काळजी नाही हे त्याला आपल्या दहा बोटांइतकं ठाऊक होतं. म्हणजे एक तर घड्याळ खोटं बोलत होतं, नाही तर पोरगी. आणि दोन्ही त्यानंच घडवलेली.

त्यानं घड्याळ तिच्याकडून मागून घेतलं. ती द्यायला तयार नव्हती, तिनं दोन दिवस टाळाटाळ केली, तेव्हा तर त्याचा संशय आणखी बळावला. घड्याळ उघडलं, चक्र न् चक्र तपासलं, रबरी कडी बदलली, बंद केलं. दोर बांधून खाली पाठवलं. कोरडं आलं, वेळेवर आलं. पुन्हा पाठवलं. शीतपेटीत ठेवलं, उन्हात ठेवलं, बादलीत ठेवून बादलीला लाथा घातल्या. दिवसाला चार सेकंद पुढे, यापलीकडे त्या घड्याळात दोष म्हणून सापडेना. मग तो धक्क्यावर रईसकडे गेला.

रईस मुंतसिर साठीला टेकलेला, उन्हानं रापलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. हवेच्या टाक्या भरणाऱ्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून चहा पीत बसला होता.

"उस्ता, तुझं घड्याळ चांगलंच आहे," तो म्हणाला. "माझ्या हातातही तूच उघडलेलं आहे. पोरीचं लक्ष चांगलं नाही. असतं एखाद्याचं. तिला दुकानात बसव."

"ती विसरली नाही."

"ती स्वतः म्हणते विसरली."

"ती खोटं बोलते."

रईसनं पेला खाली ठेवला. "बापच म्हणतो पोरगी खोटारडी, मग मी तिला ठेवू कशाला? जरा विचार करून बोलत जा. तुम्हा सईदींचं हे असंच."

"मला खाली ने," बिशाय म्हणाला.

"कुठं खाली?"

"जिथं ती होती तिथं. मला माझं घड्याळ तिथं बघायचंय."

यंत्रापाशी काम करणारे दोघं थांबले. रईस इतका हसला की चहा नाकात गेला. "तुला? अरे, तू चेहरा धुताना डोळे मिटतोस. पाण्यात गेलास तर मासे घाबरून सुदानला जातील."

"हसून झालं की सांग कधी यायचं ते," बिशाय म्हणाला आणि तिथंच एका टाकीवर बसून राहिला. तासाभरानं रईसच्या लक्षात आलं की हा उठणार नाही.

डॉक्टरनं छाती तपासून कागद दिला. दुसऱ्या दिवसापासून धक्क्याच्या बाजूच्या उथळ पाण्यात शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी बिशाय कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि नळीतून श्वास घेताना त्यानं सगळी न्याहारी समुद्राला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तोंड पाण्याखाली गेलं. तिसऱ्या दिवशी अडचण निघाली ती मिशांची. चाळीस वर्षांच्या त्या मिशा, कानापर्यंत वळलेल्या. त्यांच्यामुळे डोळ्यांवरचा मुखवटा चेहऱ्याला चिकटेना, आणि पाणी नाकात शिरायचं.

"काढ," रईस म्हणाला.

"त्याआधी माझा गळा काप."

बिशाय दुकानात गेला आणि रबरी कड्यांना लावायचं चिकट वंगण घेऊन आला. घड्याळात पाणी शिरू नये म्हणून जे लावतो तेच त्यानं मिशांना बोटभर चोपडलं. अर्धा दिवस मिशा पाण्याशी लढल्या आणि मग हरल्या. सगळं बंदर बघायला जमलं होतं. वंगणानं चमकणाऱ्या मिशा घेऊन तो घरी गेला आणि न्हाणीतून बाहेर आला तेव्हा दिमयानाच्या हातातलं ताट पडलं.

"येशू रे," ती म्हणाली. "बायकोनं तीस वर्षं सांगितलं तेव्हा नाही काढल्या."

इरिनी दारात उभी होती. बापाच्या उघड्या पडलेल्या, पांढऱ्याफट्ट वरच्या ओठाकडे पाहून तिचा चेहरा उतरला. "बाबा, सोडून द्या ना. मी दुसरं काम बघेन. हॉटेलात जागा आहेत."

"मग खरं काय ते सांग."

ती आत निघून गेली. तो झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पाण्यात होता, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. एकदा त्याला वाटलं की आपण मेलो, एकदा रईसलाही तसंच वाटलं. पण नवव्या दिवशी तो उथळ पाण्यात गुडघे टेकून, नळीतून शांत श्वास घेत, पंचवीस मिनिटं बसून राहिला.

दहाव्या दिवशी बोट बाहेर निघाली. वारा पडलेला, पाणी काचेसारखं. इरिनी धक्क्यावर आली होती, पण बोटीवर चढली नाही. बोटीवरून मीटरमीटरला खुणा केलेला दोर खाली सोडला होता. रईसनं बिशायचा पट्टा आपल्या हातात धरला. "चौदा मीटर. त्याखाली नाही. मी वर म्हटलं की वर. कळलं?"

"कळलं," बिशाय म्हणाला आणि मागच्या मागे पाण्यात पडला.

आजूबाजूला काय होतं ते त्यानं पाहिलंच नाही. लोक यासाठी विमानं करून येतात, पण बिशायनं डोळे मनगटावरून हलवले नाहीत. घड्याळ चालू होतं. सेकंदकाटा सरकत होता. तीन मीटर, काटा लाल. सहा मीटरवर तो भाजलेल्या विटेसारखा झाला. बिशायला वाटलं मुखवटा धुरकटला. दहावर काटा तपकिरी, मग मळका. दोराच्या चौदाव्या खुणेशी आला तेव्हा काळ्या तबकडीवर मिनिटकाटा नव्हताच.

त्यानं काच अंगठ्यानं पुसली. पुन्हा पुसली. रंग विरघळला असं त्याला वाटलं, तीन हात दिलेला रंग. तासाचा पांढरा काटा दहा आणि अकराच्या मध्ये कुठं तरी होता, सेकंदकाटा बिचारा इमानानं फिरत होता, आणि मधली मिनिटं गडप झाली होती. त्याचा श्वास जोरात चालू लागला, डोक्याभोवती बुडबुड्यांची झुंबड उडाली. रईसनं त्याचा दंड घट्ट धरला आणि काय झालं अशी खूण केली. बिशायनं मनगट त्याच्या तोंडासमोर नेलं आणि बोटानं दाखवलं.

रईसनं पाहिलं. मग कमरेची विजेरी काढून घड्याळावर धरली. त्या पांढऱ्या उजेडात काटा लालभडक पेटला, चर्चच्या अंगणात होता तसाच. विजेरी बाजूला केली, काटा गेला. पुन्हा धरली, आला. रईसनं स्वतःचं मनगट शेजारी आणलं. त्याच्या घड्याळावरचे पांढरे काटे विजेरीशिवाय स्वच्छ दिसत होते, दहा चाळीस.

बिशाय चौदा मीटरवर गुडघ्यात वाकून राहिला. शेकडो घड्याळं त्यानं दोरानं खाली पाठवली होती. पाणी घड्याळाचं काय करतं ते त्यानं बावीस वर्षं तपासलं. माणसाच्या डोळ्यांचं काय करतं ते तपासायला दोराला डोळे नव्हते. आता त्याला कळलं होतं की पोरगी विसरली नव्हती. ती बघत होती, बघत होती, आणि बापानं तिला मिनिटं ठेवलीच नव्हती. मुखवट्याच्या आत त्याला रडू आलं.

धक्क्यावर उतरल्यावर त्यानं अंगावरचं काही काढलं नाही. ओलाचिंब, तो थेट इरिनीपुढे जाऊन उभा राहिला. मागून रईस आला, बोटीवरची चार माणसंही.

"तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," बिशाय म्हणाला.

इरिनीनं होकाराची मान हलवली. "पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो, बाबा. आम्हाला पहिल्याच धड्यात शिकवतात. मला वाटलं, खाली कॉम्प्युटर बघायचा, वर घड्याळ घालायचं. त्या दिवशी विजेरी बरोबर नव्हती. तासाच्या काट्यावरून अंदाज केला. चुकला."

"आणि विसरले म्हणालीस."

"मग काय म्हणू? उस्ता बिशायचं घड्याळ पाण्यात वाचता येत नाही? उद्या तुमच्याकडे कोण आलं असतं?"

बिशाय रईसकडे वळला. "ऐकलंस? दोष माझा. तिला परत घे."

सगळ्यांना वाटलं रईस आता हात पुढे करणार. त्यानं तसं केलं नाही. तो चिडला होता. "परत घेऊ? अरे, विसरली असती तर एक वेळ घेतली असती. विसरणं सगळ्यांना होतं. हिला ठाऊक होतं की हे घड्याळ खाली आंधळं आहे, आणि तेच घालून ही चार माणसं घेऊन गेली. का? तर बापाला वाईट वाटेल. पाहुणा म्हणतो अजून पाच मिनिटं, अजून जरा खोल. गोड बोलतो, बक्षिसी दाखवतो. जिला बापाला नाही म्हणता येत नाही, ती त्याला काय नाही म्हणणार?"

बिशायला राग आला, रईसच्या अंगावर जावं इतका. पण तो दोन पावलं गेला आणि थांबला, कारण माणूस बरोबर बोलत होता. आणि पोरीला आपल्याला नाही म्हणता आलं नाही, हेही कुणाचं काम होतं ते त्याला ठाऊक होतं.

त्यानं घड्याळ मनगटावरून सोडलं, मासळीच्या एका उलट्या खोक्यावर बसून ते तळहातावर पोरीसमोर धरलं.

"बोल."

"काय बोलू?"

"या घड्याळात वाईट काय आहे ते. सगळं."

"बाबा, लोक बघतायत."

"अंगणात घातलं तेव्हाही बघत होते. बोल."

तिनं ओठ चावला. "लाल काटा खाली दिसत नाही."

"ते मी बघून आलो. पुढं."

तिनं त्याच्या तळहातावरच्या घड्याळाची कडी बोटानं फिरवून बघितली. यंत्र बंद होतं, धक्क्याखाली पाणी तेवढं आपटत होतं. मग ती म्हणाली, "फिरती कडी ओल्या बोटांना धरता येत नाही. तुम्ही तिचे दाते घासून गुळगुळीत केलेत."

त्याला चार संध्याकाळ लागल्या होत्या ते करायला. "पुढं."

"चावी द्यायचं बोंड मनगटात रुततं. हात वाकवला की दुखतं."

"पुढं."

"पोलादी पट्टा रबरी पोशाखावरून जात नाही. प्रत्येक वेळी बाहीखाली घालावा लागतो आणि मग घड्याळच दिसत नाही. कापडी पट्टा हवा." तिचं बोट आता भराभर घड्याळावर फिरत होतं. "कडीवरचा बारा वाजताचा ठिपका, खाली उतरताना मिनिटकाट्याशी जुळवायचा तो, तुम्ही शोभेसाठी लहान केलात. तो मोठा हवा. सगळ्यात मोठा तोच हवा. काच फुगीर आहे, तिरकं बघितलं की आकडे वाकडे दिसतात."

बिशायचा चेहरा एकेका वाक्याला आक्रसत होता, तरी हात त्यानं खाली घेतला नाही. बोटीवरच्या एकानं हसू दाबलं. रईसनं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो गप्प झाला.

"पुढं," बिशाय म्हणाला.

"आणि एवढं काम करायच्या आधी तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं. एकदाही नाही विचारलंत. मी रोज खाली जाते, बाबा. तुम्ही नाही."

"नाही विचारलं," तो म्हणाला. "खरंय."

रईस मुंतसिरनं खाकरून घसा साफ केला. "बरं, पोरी. उद्या सकाळी सहाला बोट सुटते. माझं जुनं पांढऱ्या काट्यांचं घड्याळ घालून ये. चला, पुरे झालं, चहा टाका कुणीतरी."

"थांबा रईस," इरिनी बापावरची नजर न हलवता म्हणाली. "माझं अजून संपलं नाही."